कापलेला पाऊस

सकाळचे साडेआठ वाजले की माझे पाय आपोआप गच्चीकडे वळतात. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी ही खोड जात नाही. गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक पर्जन्यमापक आहे. वर नरसाळे, आत बाटली, बाटलीबाहेर एक भांडे, आणि जिन्याच्या कोनाड्यात काचेचा मापाचा ग्लास. सुनेला या सगळ्याचा जाच वाटतो, कारण तिने वाळत घातलेल्या साडीचे पाणी नरसाळ्यात टपकले की मी घर डोक्यावर घेते. "आई, मोबाइलवर सगळ्या जिल्ह्याचा पाऊस येतो की," ती म्हणते. येतो. मीही पाहते. पण तो आकडा पाहिला की माझ्या मनात पहिल्यांदा हेच येते, की हा कोणी लिहिला असेल, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे काय असेल.

परवा पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जोराचा पाऊस झाला. बाटली भरून पाणी बाहेरच्या भांड्यात उतरले होते. मी ग्लास भरत होते, मोजत होते, ओतत होते. चौथ्या ग्लासाला हात थांबला. ओल्या काळ्या मातीचा जड वास इथे यवतमाळात, सिमेंटच्या गल्लीतही कुठून तरी येतोच, आणि त्या वासाबरोबर मला सुमनबाई आठवतात. त्या माझ्यावर कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

कापसाची ती वाईट वर्षे. मी तेव्हा दारव्हा भागात पाण्याच्या कामांवर कनिष्ठ अभियंता होते. कार्यालयात एकटीच बाई, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची 'म्याडम'. ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचे नाव लिहीत नाही, तिथली माणसे अजून आहेत. जीपमध्ये मागच्या बाजूला पाय दुमडून बसायचे, बोरी अरब गावचा बाजार असला तर मांडीवर कोणाची तरी वांग्याची पिशवी घ्यायची, आणि पुढचे तीन किलोमीटर चालायचे. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. फवारणीचा उग्र वास कपड्यांना, जीपच्या सीटला, माणसांच्या हातांना असायचा. त्या विषाला सगळे औषधच म्हणतात. त्या वर्षांत कोणी गेल्याची बातमी आली की लोक आजार विचारत नसत. "औषध काय?" एवढेच विचारत, आणि उत्तर बहुतेक मान हलवूनच मिळायचे.

त्या हंगामांची चालच विचित्र होती. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत येऊन जायचा आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडे. काळ्या मातीला भेगा पडायच्या. एकदा गंमत म्हणून मी माझी फूटपट्टी भेगेत सोडली, ती पुरती आत गेली आणि परत काढता काढता शेजारच्या बांधावरच्या बाया हसून हसून बेजार झाल्या. हीच माती एकदा भिजून फुगली की मग थेंबभर पाणी पीत नाही, सगळे नाल्याकडे लोटून देते. पुराचा अंदाज करताना हे धरावेच लागते, की पडलेल्या पावसातला किती मुरेल आणि किती वाहील. पुस्तकात त्याचा एक आकडा दिलेला असतो. वावरात तो आठवड्या-आठवड्याला बदलतो, हे मी त्या बायांच्या हसण्यात शिकले. शिकले, आणि तक्त्यात मात्र पुस्तकातलाच लिहिला.

गावाच्या कडेने नाला होता. काठाला घरकुले मंजूर झाली होती, म्हणून वरून विचारणा आली की पूर कुठवर येईल त्याची रेषा आखून द्या, रेषेच्या आत कोणाला बांधू द्यायचे नाही. आता नाल्याचे पाणी तर कधी कोणी मोजलेले नव्हते. म्हातारी माणसे हात वर करून दाखवायची, एकाचा हात छातीशी, दुसऱ्याचा डोक्यावर. मोजलेला होता फक्त पाऊस. म्हणजे पावसावरून पूर ताडायचा. आणि तो पाऊस मोजणारा गावात एकच माणूस होता, गफूरभाई.

गफूरभाई इंजिन मिस्त्री. विहिरीवरची डिझेल इंजिने, फवारणीचे पंप, कधी मोटारसायकलही. त्यांचे दुकान शाळेच्या आवाराला लागून, आणि पर्जन्यमापक त्याच आवारात, म्हणून कार्यालयाने हे काम कधीतरी त्यांच्या गळ्यात घातले होते. साडेआठ म्हणजे साडेआठ. ग्रीसचे हात आधी रॉकेलने, मग साबणाने धुवायचे, ग्लास सपाट दगडावर ठेवायचा, आणि गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेघेला आणायचा. आकडा लिहून झाला की ते पाणी वाटेवर फेकायचे नाहीत, लिंबाच्या मुळाशी घालायचे. "मोजेल पानी हाये, म्याडम," ते म्हणायचे, "त्याले पायाखाली नाही आनत मी." मला हा माणूस फार आवडायचा. सरकारी कामात इतकी निगुती मी त्याआधी पाहिली नव्हती.

आमच्या हिशेबाची रीत साधी आहे. दर वर्षातला सगळ्यात मोठ्या पावसाचा एक दिवस उचलायचा, बाकीचे तीनशे चौसष्ट सोडून द्यायचे. असे वीस-पंचवीस वर्षांचे वीस-पंचवीस मोठे दिवस मांडले, की त्यावरून पन्नास वर्षांत एखाद वेळी केवढा पाऊस कोसळेल याचा अंदाज निघतो. सगळी भिस्त त्या मोठ्या दिवसांवर. मी गफूरभाईंचे आकडे शेजारच्या दोन ठिकाणांशी ताडून पाहिले. लहानसहान पावसाच्या दिवशी तिन्हींचे छान जमायचे. मोठ्या दिवशी, आणि तेही अलीकडच्या काही वर्षांतच, गफूरभाईंचा पाऊस मागे पडायचा.

मी दुकानात जाऊन विचारले. ते उकिडवे बसून पंपाचा वायसर बदलत होते.

"गफूरभाई, मोठ्या पावसात तुमचा आकडा नेहमी खाली काहून?" त्यांच्यात राहून माझ्याही तोंडात काहून बसला होता.

त्यांनी वर पाहिले नाही. "म्याडम, पाऊस काय सतरंजी हाये, सगळीकडं सारखी आंथरायले? तिकडच्या शिवारात धो धो पडते, आमच्या इथं नुसतं शितडून जाते. असंच चालून राह्यलं दोन-चार वर्षांपासून."

हे खोटे म्हणता येत नव्हते. रस्त्याच्या अलीकडे कोरडे आणि पलीकडे चिखल, असा पाऊस मी स्वतः पाहिला होता. मी वही मिटली. पण मनातली शंका काही मिटली नाही, म्हणून मी दोन रेषा काढल्या. खालची गफूरभाईंच्या आकड्यांची, वरची शंका धरून. नकाशा घेऊन साहेबांकडे गेले. पाऊस एवढाच पडला असे नाही, माती एवढीच पिईल असे नाही, तेव्हा रेषा एक नसून हा पट्टा आहे, असे मी त्यांना समजावले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "म्याडम, दोन रेषा दाखवल्या तर लोक मधोमध घर बांधतील. एक द्या."

मी वरची रेषा खोडली. खोडरबराचा भुगा फुंकून टाकला. नोंदीतल्या आकड्यांवरून आलेली रेषा ठेवली, म्हणजे उद्या कोणी विचारले तर दाखवायला कागद होता. माझ्या बाजूने सगळे नियमात होते.

सुमनबाई आणि देवराव यांची जागा नेमकी त्या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात होती.

चुन्याच्या खुणा टाकायला गेले त्या दिवशी दोघे नवराबायको तिथे उभे होते. दोन एकरांचे वावर, दोन बकऱ्या, एवढा त्यांचा पसारा. देवराव उंच, किडकिडीत, प्रत्येक गोष्टीत हसायला जागा शोधणारा. सुमनबाई बोलायला कमी, पण एकदा बोलायला लागल्या की मुद्दा सोडायच्या नाहीत.

"म्याडम, तुमी शिकेल हा, मनून इचारते. इथं बांधू का नोको बांधू? माळावर दुसरी जागा भेटून राह्यली, पन तिथं पानी नाही. पान्याचे दोन-दोन गुंड डोक्यावर घेऊन चढा लागते. माह्यी मान आताच धरते."

मी नकाशा पाहिला. खरे तर पाहायची गरज नव्हती, मला पाठ होता.

देवराव मध्येच म्हणाले, "पन्नास वर्षात एकडाव पूर येते म्हनतेत ना? मंग पन्नास वर्षं तं निवांत झालो आपुन."

"तसं नसतं, भाऊ. तो पुढच्या वर्षीही येऊ शकतो. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो."

"मंग पन्नास कायले म्हनता?"

आम्ही तिघेही हसलो. हसता हसता सुमनबाईंनी पुन्हा विचारले, "एकच सांगा. बांधू का नोको?"

त्या वेळी मी म्हणू शकले असते, की बाई, मला खात्री नाही. एवढे चार शब्द. पण मला त्यांची लाज वाटली. शिकलेली बाई, हातात नकाशा, मागे टेप धरून उभा असलेला माणूस, आणि खात्री नाही कशी म्हणायची? मी म्हटले, "बांधा. पाणी तुमच्या ओट्याला लागणार नाही."

घर झाले. दाराला हिरवा रंग, ओट्याला शहाबादी फरशीचे तुकडे जोडून केलेली नक्षी. मी नाल्याकडे गेले की सुमनबाई गुळाचा चहा द्यायच्या आणि देवराव लोकांना सांगायचे, "म्याडमनं जागा पास केली हाये आमची." मला ते ऐकायला आवडायचे, हे कबूल करायला हवे.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या करीला पहाटेपासून पाऊस लागला. आधीचे पंधरा दिवस संततधार होती, माती पिऊन तट्ट झाली होती. रस्ते तुटले म्हणून मी वळसा घालून दुपारी कशीबशी पोचले. अख्खे गाव शाळेच्या व्हरांड्यात होते. ओल्या गोधड्या, शेणाचा वास, पोळ्याचा रंग शिंगांवरून ओघळलेले बैल. सुमनबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर नीट केला आणि शेजारी जागा करून दिली.

"सकायी पानी ओट्याले लागलं," त्या म्हणाल्या. "आमी निंगालो. अर्ध्या वाटंत आल्यावर ते म्हनले, बकऱ्या सोडून येतो. मी म्हनलं, नोका जाऊ. तं म्हनले, म्याडमनं सांगतलं हाये ना, याच्या वर नाही चढत पानी."

देवराव तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला बाभळीत सापडले. कार्यालयात कळवले तेव्हा फोनवरच्या शिपायाने सवयीने विचारले, "औषध काय?" मी म्हटले, नाही, पूर. तो म्हणाला, "बरं." त्या वर्षांत एखाद्याच्या पुरात जाण्याला बरं म्हणता येत होते.

गफूरभाईंचे त्या सकाळचे लोकांनी सांगितले. नाला गर्जत होता, माणसे पोरे-ढोरे घेऊन शाळेकडे धावत होती, आणि साडेआठला हा माणूस डोक्यावर पोते घेऊन पर्जन्यमापकापाशी बसला होता. बाटली बुडाली होती. ग्लास भरला की कोळशाने शाळेच्या भिंतीवर एक रेघ. अकरा रेघा आणि वर थोडे. त्या दिवशीचे पाणी त्यांनी लिंबाला घातले नाही. तसेच खाली सांडले.

आठवड्याने मी भिंतींवरच्या चिखलाच्या रेघा मोजायला गेले. सुमनबाईंच्या घराच्या तीन भिंती उभ्या होत्या, हिरवे दार नव्हते. चिखलाची रेघ खिडकीच्या मध्यावर होती. मी पट्टी लावून वाकले होते, तेवढ्यात गफूरभाई आले. इंजिन पुसायच्या कापडात गुंडाळलेली एक वही त्यांनी माझ्यापुढे धरली.

"हे खरी हाये," ते म्हणाले. "तुमच्याकडे हाये ते सरकारी."

मी उघडली. तेच वळणदार अक्षर, त्याच तारखा. लहान दिवस दोन्हीकडे सारखे. मोठे दिवस इथे मोठे होते.

"काहून, गफूरभाई?"

ते पडक्या ओट्यावर टेकले. "दोन दिवसात सारा पाऊस पडून जाये, म्याडम. मंग महिनाभर काही नाही. पऱ्हाटी सुकून जाये. अन् वर बसेल लोक महिन्याची बेरीज पाहून म्हनत, पाऊस तं चांगला हाये तुमच्या गावात, कायची टंचाई? मी रोज पानी मोजो अन् रोज वावरंबी पाहो. मले वाटे, माह्याच आकड्यानं माहं गाव खोटं पडून राह्यलं. मंग कापाले लागलो. लहान दिवसात काय कापनार? तिथं हायेच किती? मोठ्या दिवसातूनच कापता येते." मग वहीकडे बोट करून म्हणाले, "खरा आकडा मात्र या वहीत लिवत गेलो. मोजेल पानी होतं ते."

मी त्यांच्यावर चिडायला हवे होते. मला रडू आले. बेरजेला जो दिवस जड होता म्हणून त्यांनी तोच हलका केला, आणि माझी सगळी भिस्त तेवढ्याच दिवसांवर होती. पऱ्हाटीसाठी त्यांचा खोटा आकडा खरा होता. नाल्यासाठी नव्हता. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, मीसुद्धा. इतकी वर्षे त्यांचा पाऊस नेला, आणि त्याचे आम्ही काय करतो हे एका शब्दाने कधी सांगितले नाही.

वही घरी नेली आणि दोन दिवस नव्याने हिशेब मांडला. रेषा वर सरकली. सुमनबाईंच्या ओट्यावरून, उंबऱ्यावरून गेली आणि मागच्या भिंतीपलीकडे हातभर जाऊन थांबली. पूर त्याहूनही वर चढला होता, हे खरे. पण जागा रेषेच्या आत येत होती. मी "बांधू नका" म्हटले असते. आणखी एक गोष्ट होती. ती नवी रेषा, थोडे इकडे-तिकडे, मी खोडलेल्या रेषेवरूनच जात होती. नकाशा उजेडात धरला तर खोडरबराखालची ती अजून दिसायची.

वही परत द्यायला गेले तेव्हा दुकान उघडे होते, पण काम बंद होते. पंप एका रांगेत पडून होते. गफूरभाई उभे राहिले. हात त्यांनी धुतलेले होते, जणू साडेआठ वाजले होते.

"म्याडम, एक इचारतो. मी खरे आकडे देले असते, तं देवरावाचं घर तिथं झालं असतं का?"

मी सगळे ठरवून गेले होते. त्यांना वहीचे सांगायचे, मग माझ्या खोडलेल्या रेषेचे सांगायचे, दोष अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्याने ते झाले नाही. त्यांची दया आली, की माझी रेषा लपवायची होती, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल, आणि किती काय असेल ते ठाऊक नाही.

"नाही," मी म्हटले. "फरक पडला नसता. पाणीच एवढं आलं, की तुमच्या आकड्यांनी काही झालं नसतं. मी हिशेब केलाय."

मी हे एका दमात बोलले, कुठेही न अडखळता. गफूरभाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. ग्लासातल्या पाण्याची रेघ पाहताना ते असेच पाहत, डोळा अगदी पाण्याच्या पातळीला आणून.

मग त्यांनी वही घेतली, कापडात गुंडाळली, आणि हळू आवाजात विचारले,

"तुमी किती कापलं, म्याडम?"